आत्याआजीनं गाणं थांबवलंय

पत्र

ताई, मी 26 वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते आणि मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या एका ग्रुपमध्ये गाते. तुम्ही मला अगं-तुगंच करा. आमचं गाव भोरकडचं. तिथे माझी आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण राहते. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. आजोबा तिला माहेरी घेऊन आले, तेव्हापासून ती आमच्याच घरात आहे. तिला जात्यावरच्या इतक्या ओव्या येतात की रात्र सरेल पण ओव्या सरायच्या नाहीत. लहानपणापासून मी त्या ऐकत आले. गेल्या दिवाळीत मी काही मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. त्यातल्या चार ओव्या आम्ही कार्यक्रमात बसवल्या, पेटी-ढोलकी घेतली. तालात बसेना म्हणून थोडे शब्द बदलले. एका ओवीत आजोबांचं नाव होतं, तिथे 'दादा' घातलं. सुरुवातीला तिचा आवाज स्पीकरवर लावला. लोकांना फार आवडलं. व्हिडिओ फिरत फिरत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि कुणीतरी तिला दाखवला. ती कुणालाच काही बोलली नाही. पुढच्या खेपेला मी गेले, 'आत्याआजी, गा ना' म्हटलं, तर म्हणाली, 'आता तूच गा की. तुला येतंय समदं.' तेव्हापासून ती माझ्यासमोर गात नाही. आई म्हणते, म्हातारं माणूस, विसरेल. ग्रुपमधल्या मुली म्हणतात, गाणी पारंपरिक आहेत, परवानगी कुणाची घ्यायची? श्रावणात पुन्हा कार्यक्रम आहेत. माझं नक्की काय चुकलं? आणि ती अशीच गप्प राहिली तर त्या ओव्या तिच्याबरोबर जातील, या विचारानं झोप लागत नाही.

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या मैत्रिणींचं म्हणणं मी आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. ओवी मागून घ्यायची पद्धत कधीच नव्हती. आईच्या मांडीवर झोपलेल्या पोरीच्या कानावर ती पडायची. तीच पोर पुढे सासरी गेली की ओवी तिच्याबरोबर दुसऱ्या गावात जायची, तिथल्या सासूच्या, जावांच्या, नणंदांच्या ओव्यांत मिसळायची. सोयरिकी जिथवर गेल्या तिथवर ओव्या गेल्या. म्हणून तर एकाच वळणाची ओवी मावळातही सापडते आणि मराठवाड्यातही. वाटेत शब्द बदलले, भावाची नावं बदलली, गावांची नावं बदलली. कुणी रागावलं नाही.

विषयही बदलले. राम-सीता आणि पंढरीच्या विठ्ठलाबरोबर आगीनगाडी ओवीत आली. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या आणि गायल्या, त्यांच्याच आवाजात त्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. त्या बायांनी जुनं वळण घेतलं आणि आपल्या आयुष्यात जे सगळ्यांत मोठं घडलं ते त्यात भरलं. तेव्हा ओवी बदलली म्हणून ओरडा करणाऱ्यांतली मी नाही. तुम्ही पेटी-ढोलकी घेतलीत यानंही मला दुःख होत नाही. एवढंच सांगेन की जात्याची लय ढोलकीच्या लयीसारखी टाळी मागत नाही. जात्याचा वरचा दगड फिरतो, हात लांब जातो, परत येतो, आणि त्या फेऱ्याबरोबर तो शेवटचा 'गं' लांबतो. ढोलकीवर घेतलीत की तो 'गं' आखडतो. ऐकून बघ एकदा तुमचा व्हिडिओ.

आता तुझं चुकलं कुठे ते. तू पत्रात पेटी-ढोलकी, ताल, स्पीकर सगळं सांगितलंस आणि आजोबांच्या नावाचं एका वाक्यात उरकलंस. मला तिथून पुढे सरकता येईना.

ओवीत भाऊ नुसता भाऊ नसतो, त्याला नाव असतं. बाईनं आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण भावाचं नाव मात्र जात्यावर मोकळेपणानं घ्यायचं, हा त्या गाण्याचा मोठा सुटकेचा भाग होता. पहाटेच्या अंधारात, सासरच्या घरात, ती माहेरचं माणूस नावानं हाक मारून उभं करायची. तुझ्या आत्याआजीच्या बाबतीत तर हा भाऊ तिला खरोखर घेऊन आला. नवरा गेलेल्या तरण्या बहिणीला माहेरी आणून जन्मभर सांभाळणं त्या काळात काय होतं, त्याला भावकीत काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हे तू घरातल्या जुन्या माणसांना विचार. ती ओवी म्हणजे तिनं भावाचे मानलेले उपकार आहेत. एरवी तोंडावर तिनं ते कधी बोलून दाखवले असतील असं मला वाटत नाही, आपल्याकडे बहिणी असं बोलत नाहीत. आणि तू, त्याच भावाची नात, ते नाव काढून तिथे 'दादा' घातलंस. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट तू लिहिलीच नाहीस, म्हणून विचारते. त्या कार्यक्रमाला तिला बोलावलं होतंस का?

नसेल, तर का नाही याचा विचार कर. मंगळागौर ही नव्या लग्न झालेल्या मुलीची पूजा, तिथे मान सवाष्णीचा. तुझी आत्याआजी ऐन तारुण्यात विधवा झाली. म्हणजे मंगळागौर, हळदीकुंकू, ओटी, लग्नातली हळद या सगळ्यांच्या वेळी ती मागच्या दारी, चुलीपाशी, पोरं सांभाळत. अशा बायांना मोकळं गाता यायचं ते जात्यावर आणि शेतात. जात्यापाशी कुणी कपाळ बघत नव्हतं. आता तीच जात्यावरची ओवी तू तिथून उचललीस आणि नऊवारी, नथ, चंद्रकोर लावलेल्या मुलींसह मंगळागौरीच्या मंचावर नेलीस. ओवी मानाच्या जागी बसली आणि ओवी देणारी पुन्हा बाहेरच राहिली. तुझ्या मनात असं काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तिनं आयुष्यभर जे पाहिलंय, त्याच नजरेनं तिनं तो व्हिडिओ पाहिला असणार.

तिचा आवाज स्पीकरवर लावलात, त्याबद्दल कायद्याचंही सांगून ठेवते, तुमच्या ग्रुपला ते माहीत हवं. परंपरेनं चालत आलेल्या ओवीचा कुणी एक मालक नसतो. पण एखाद्या बाईनं ती गायली, तर त्या गाण्यावर तिचा हक्क असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीपासून सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क वेगळे मांडलेले आहेत, आणि ध्वनिमुद्रणाला त्या कलावंताची संमती हा त्यातला मूळ मुद्दा आहे. दिवाळीत तू घरात मोबाइल धरलास तेव्हा ती नातीला गाऊन दाखवत होती. सभागृहभर लोकांना ऐकवायला तिनं हो म्हटलेलं नव्हतं. अर्थात तुमच्या दोघींतला हा मामला कायद्यानं सुटायचा नाही.

आईचं म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. जिला शेकडो ओव्या पाठ आहेत ती बाई विसरेल कशी?

तर करायचं काय. आधी तो व्हिडिओ. तो तुमच्या ग्रुपच्या पानावर असेल तर आजच काढायला सांग. व्हॉट्सॲपवर फिरला तो परत येणार नाही, पण जो आपल्या हातात आहे तो तरी काढावा. मैत्रिणी कुरकुरतील, पाहणारे वाढत होते म्हणतील. ऐकू नकोस.

मग गावी जा. रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी नको, मुक्कामानं जा. मोबाइल पिशवीत ठेव. आणि 'गा' म्हणू नकोस. माफीचं भाषणही नको, मोठ्या बायांना लेकीसुनांची रडारड सोसत नाही, त्याच उलट तुझी समजूत काढत बसतील आणि विषय तिथेच मिटेल.

घरात जातं आहे का? गिरणी आली तरी बऱ्याच घरांत ते कोपऱ्यात असतं, निदान लग्नात हळद दळायला लागतं म्हणून ठेवलेलं. असेल तर झाडून-पुसून घे. टाकी लावायला, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड ठोकून पुन्हा खरबरीत करायला झाला असेल आणि गावात लावून देणारं कुणी असेल तर लावून घे. शेरभर नाचणी घे. तिचं वय झालंय, तिनं ओढायचं नाही. खुंटा तू धर, वैरण, म्हणजे मुठीनं दाणे, तिला घालू दे. पहिल्या दहा मिनिटांत तुझा दंड भरून येईल आणि पीठ जाडंभरडं पडेल. ते बघून ती काहीतरी बोलेलच, दळणारीला दुसरीचं वाईट दळण बघवत नाही.

हे मी का सांगतेय? जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, एक मुडपलेला, एकाच खुंट्यावर दोघींचा हात. एकीनं ओवी टाकली की दुसरीनं ती उचलायची, तोवर पहिलीला दम घ्यायला सवड. मग दुसरीनं आपली टाकायची, त्याच विषयातली, कधी उत्तर म्हणून, कधी वरचढ म्हणून. सासू-सून दोघी एकाच जात्यावर बसून एकमेकींना ओवीतून काय काय ऐकवायच्या! ते सगळं मायेचं नसायचं. टोमणे असायचे, जुने हिशेब असायचे. पण वैऱ्यासारख्या राहणाऱ्या जावासुद्धा ओवी मध्येच पडू द्यायच्या नाहीत, दुसरीनं टाकली की उचलायच्या. तिथे नुसतं ऐकणारं कुणी बसत नसे, बसलेली प्रत्येक जण गाणारीच असायची. आत्याआजीनं तुझ्यापुढे इतकी वर्षं गायलं, तेव्हा पलीकडून कुणी उचलतच नव्हतं. आधी लहान पोर, मग मोबाइल. 'आता तूच गा की' हे तिनं रागानं म्हटलं असेल, पण मी त्यातला शब्द न् शब्द धरून चालेन. गा. तिच्यासमोर, जात्यावर, पेटीशिवाय. 'पहिली माझी ओवी' पासून धर आणि भावाच्या ओवीशी आलीस की आजोबांचं नाव घे. तू उच्चारलेलं ते नाव तिच्या कानावर पडू दे. त्यानंतर काय बोलायचं ते तिला ठरवू दे.

ती त्या दिवशी गाईल याची खात्री मी देत नाही. दोन खेपा लागतील, चार लागतील. पण एक करता येईल, तुझी स्वतःची ओवी टाक. तुझ्या वयाच्या मुली म्हणतात आम्हाला कुठे सुचतं. अगं, जात्यावर बसलं की ओवी सुचते हे उगाच म्हणत नाहीत, हात फिरायला लागला की जीभ सुटते. स्वारगेटची गर्दी, खोलीवरचा एकटेपणा, आईशी झालेलं भांडण, काहीही चालेल. ओबडधोबड असू दे. ती तुझी ओवी दुरुस्त करायला लागली तर समज, तुझं दळण मार्गी लागलं.

रेकॉर्डिंगचा विषय त्यानंतर, आणि तो तिच्याकडून हो आल्यावरच. तेव्हा कसं करायचं याचा चांगला धडा आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघा अभ्यासकांनी मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायांबरोबर काम करता करता ओव्या जमवायला घेतल्या. त्यातून पुढे महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या साथीनं त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. 2017 पासून त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथली एखादी ओवी उघड आणि खाली बघ. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलंबाळं किती, काम काय करते, जात, ध्वनिमुद्रणाची तारीख. ओव्यांचे जुने छापील संग्रह चाळलेस तर बहुतेक ठिकाणी गाणारीचा पत्ताच लागत नाही, 'एक वृद्ध स्त्री' म्हटलं की भागलं. शेतमजुरी करणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, कधी शाळा न पाहिलेल्या बाईचं नाव तिच्या ओवीखाली येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तुमच्या निवेदिकेनं 'आता ऐकू या पारंपरिक ओव्या' एवढंच म्हटलं असणार, अशी माझी अटकळ आहे.

म्हणून एक वही घाल. प्रत्येक ओवीपुढे लिही की ही आत्याआजीला कुणाकडून आली. आईकडून, चुलतीकडून, की ज्या थोड्या वर्षांत ती सासरी नांदली तिथल्या सासूकडून? या शेवटच्या ओव्या असतील तर त्या जपून विचार. तिचा संसार मोडला, पण तिथून आणलेली ही एक वस्तू कदाचित तिच्याजवळ उरली असेल. कोणती ओवी कधी म्हणायची तेही लिही. लिहिताना तिची बोली सुधारू नकोस. ती 'व्हता' म्हणाली तर 'व्हता'च लिही, 'होता' केलंस की मात्रा हलते आणि ती बाईही हलते.

आणि तिलाच वाटणी करू दे. या ओव्या कुणीही गाव्यात, या घरातच राहाव्यात, या मी गेल्यावर गायलीस तरी चालेल. काही ती तुला देणारच नाही. जात्यावर बाया जे बोलल्या ते चार भिंतींत बोलल्या, बरंचसं अंधारात बोलल्या, त्यातलं सगळं उजेडात आणायची तिची इच्छा नसेल. ते तिच्याबरोबर जाईल. तुला हे जड वाटेल, तरी तेवढा तिचा अधिकार आहे.

तुझी झोप उडवणारी भीती खोटी नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्यांनी, मुलानं आणि त्याच्या मावसभावानं, कागदावर उतरवून ठेवली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. त्या खानदेशात गाणं सुचणारी ती एकटीच बाई होती असं थोडंच आहे? बाकीच्यांच्या घरात उतरवून घेणारं कुणी नव्हतं, एवढंच. तुमच्या घरात तू आहेस. त्यासाठीच मी तुला इतकं बारकाईनं सांगतेय. नुसतं रागवायचं असतं तर दोन ओळींत भागलं असतं.

पैशाचंही बोलून घेते, कारण बायकांच्या गाण्यात तो विषय कुणी काढत नाही. तुमच्या कार्यक्रमाला मानधन मिळतं ना? तमाशाच्या फडात आईच्या मागे लेक उभी राहिली ती धंदा म्हणूनही उभी राहिली. विठाबाई नारायणगावकरांच्या पाठोपाठ त्यांच्या लेकीनं, मंगला बनसोडे यांनी, फड चालवला तो लोकांनी तिकीट काढलं म्हणून. तिथे गाण्याला मोल होतं, बदनामीही होती, पण मोल होतं. ओवीवाल्या बाईला मोल कधी मिळालंच नाही, तिचं गाणं दळणात फुकट गेलं. तिच्या ओव्यांवर उभा राहिलेला कार्यक्रम असेल तर त्यातला एक वाटा तिचा. लुगडं घेऊन जाऊन भागवू नकोस. पाकिटात रोख घाल, तिच्या हातात दे, आणि कशाचे ते स्पष्ट सांग. 'आत्याआजी, हे तुझ्या गाण्याचे.' आईच्या किंवा काकाच्या हातात देऊ नकोस.

राहिला श्रावण. ती हो म्हणाली तर तिला घेऊन ये. पहिल्या रांगेत बसव, आणि निवेदनात तिचं नाव, गावाचं नाव येऊ दे. मंचावर यायचं म्हणाली तर मंचावर बसव. सुरुवातीच्या पूजेच्या वेळी कुणी तिच्या कुंकवाकडे बघून कुजबुजलं तर ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिळून काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी एकीनं दुसरीकडे बघत बसायला नको. मी तुझ्या जागी असते तर हळदीकुंकवाचं तबक पहिल्यांदा तिच्यापुढे नेलं असतं. अर्थात तेही तिला विचारून. सगळं आयुष्य ज्याच्यापासून लांब ठेवलं गेलं ते अचानक चारचौघांत कपाळाला लावून घ्यायला ती कदाचित तयार नसेल, आणि तिच्यावर ती वेळ आणू नये.

ती नाही म्हणाली, किंवा काहीच म्हणाली नाही, तर या चार ओव्या यंदा बाजूला ठेवा. कार्यक्रम त्यावाचून अडणार नाही. झिम्मा, फुगडी, पिंगा, नाच गं घुमा यांची तुम्हाला कमी नाही. ओवी हवीच असेल तर प्रत्येकीनं आपल्या घरातल्या बाईकडून एकेक मागून आणा, या वेळी विचारून, आणि नावासकट गा. ग्रुपमध्ये तुम्ही दहा-बारा जणी तरी असाल. दहा-बारा घरांत कुणी ना कुणी आजी, मावशी, चुलती असणारच. त्यांना अजून कुणी विचारलेलं नसेल.